पामतेलाचं पीक बुडालेलं नाही, मग भारताच्या वाट्याला कमी का येतंय?

दिवाळी २०२२. राज्य सरकारने शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ द्यायचं ठरवलं. पिशवीत चार वस्तू होत्या. एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. यातल्या पहिल्या तीन वस्तू भारतात पिकतात, साखर तर आपल्याच राज्यात ढिगाने तयार होते. चौथी वस्तू मात्र बहुतेक वेळा सुमात्रा, बोर्निओ किंवा मलेशियातल्या कुठल्यातरी बागेतून जहाजाने आलेली असते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात अचानक बंद केली होती आणि पुढचे साडेतीन आठवडे इथल्या तेल व्यापाऱ्यांची झोप उडाली होती.

तेव्हा जे घडलं ते एका देशाचं तात्पुरतं पाऊल होतं. आता जे घडतंय ते जास्त संथ आहे, त्यामुळे त्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही. खाद्यतेल उद्योगातली संघटना ‘सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशन ऑफ इंडिया’च्या आकडेवारीनुसार, नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ या तेलवर्षात भारताने सुमारे ९० लाख टन पामतेल आयात केलं होतं. पुढच्या तेलवर्षात, म्हणजे २०२४-२५ मध्ये, हा आकडा ७६ लाख टनांच्या आसपास आला. पाच वर्षांतला हा नीचांक. जानेवारी २०२५ या एका महिन्यात तर जेमतेम पावणेतीन लाख टन पामतेल आलं. एका महिन्यात इतकं कमी पामतेल येण्याची ही जवळपास १४ वर्षांतली पहिलीच वेळ.

भारतीयांनी तळण कमी केलं असं काही झालेलं नाही. एकूण खाद्यतेलाची आयात दोन्ही वर्षी साधारण १६० लाख टनांवरच राहिली. कमी झालं ते पामतेल. आणि गंमत म्हणजे पामतेलाचं जागतिक उत्पादनही कोसळलेलं नाही. मग हे तेल गेलं कुठे?

मी तर पामतेल वापरतच नाही!

असं म्हणणाऱ्यांनी एकदा घरातल्या बिस्किटाच्या पुड्यामागचा बारीक मजकूर वाचावा. ‘खाद्य वनस्पती तेल’ या शब्दांनंतर कंसात बहुधा पामचं नाव सापडेल. फरसाण, नूडल्स, वेफर्स, बेकरीतले खारी-टोस्ट, वनस्पती तूप, स्वस्तातलं आइस्क्रीम, अंगाचा साबण, अशी ही यादी बरीच लांब जाते. रस्त्यावरच्या वड्याच्या कढईतही बऱ्याचदा हेच असतं. घरात शेंगदाणा किंवा सूर्यफूल वापरणारं कुटुंबसुद्धा दिवसभरात कुठल्यातरी वाटेने पामतेल खातंच.

उद्योगाला ते आवडतं याची कारणं साधी आहेत. ते सहसा स्वस्त पडतं, जास्त तापमानात टिकतं, त्यात तळलेला पदार्थ लवकर खवट होत नाही. त्याचा पातळ भाग वेगळा काढला की पामोलिन होतं, घट्ट भागातून बेकरीची चरबी आणि साबण होतो. दोष एकच. थंडीत ते गोठतं, म्हणून उत्तर भारतात हिवाळ्यात त्याची मागणी दरवर्षी उतरते.

महाराष्ट्रातल्या मागच्या पिढीला तर हे तेल चांगलंच ठाऊक आहे. रेशन दुकानातून मिळणारं पामतेल तेव्हा सरकारी यंत्रणेमार्फतच परदेशातून यायचं. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खासगी व्यापाऱ्यांना खुली झाली आणि तिथून आयातीचा आलेख चढत गेला. आज भारत खातो त्यापैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं, आणि पामतेलाचा जगातला सर्वात मोठा आयातदार आपणच आहोत.

दोन देश, दहापैकी आठ टन

तेलपाम हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. डच लोकांनी १८४८ मध्ये त्याची चार रोपं जावा बेटावरच्या बोगोर इथल्या वनस्पती उद्यानात लावली. सुरुवातीला ही झाडं शोभेची म्हणूनच पाहिली जायची. मलेशियात पहिली व्यापारी लागवड झाली ती १९१७ मध्ये, सेलांगोरमध्ये. आज जगातल्या दर दहा टन पामतेलापैकी आठ टनांहून जास्त तेल इंडोनेशिया आणि मलेशिया हे दोनच देश काढतात. सोयाबीन तेलासाठी ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका असे पर्याय तरी आहेत. पामतेलात घासाघीस करायला दुसरं मोठं दुकानच नाही.

दुसरं दुकान का उघडत नाही, याचं उत्तर झाडात आहे. तेलपामला वर्षभर ऊब आणि भरपूर पाऊस लागतो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचा साधारण दहा अंशांचा पट्टा सोडला तर ते मनासारखं वाढत नाही. लावल्यावर तीन-चार वर्षांनी फळं धरतात, २५ वर्षांच्या आसपास झाड काढून नवं लावावं लागतं. आणि तोडलेला घड २४ तासांच्या आत गिरणीत पोहोचला पाहिजे, नाहीतर तेलाची आम्लता वाढते आणि भाव पडतो. ऊस तोडल्यावर कारखान्याच्या गेटवर बैलगाड्यांची रांग लागलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे गणित लगेच कळेल. बागेजवळ गिरणी नसेल तर बागेला अर्थ नाही.

एवढ्या कटकटी असूनही लोक तेलपाम लावतात, कारण उतारा जबरदस्त आहे. चांगल्या बागेत हेक्टरी तीन ते चार टन तेल मिळतं. सोयाबीनचं हेक्टरी तेल अर्ध्या टनाच्या आसपासच राहतं.

इंडोनेशिया: कढई की डिझेलची टाकी?

खरी गोष्ट इथे सुरू होते.

२०२२ च्या सुरुवातीला इंडोनेशियात खाद्यतेलासाठी रांगा लागल्या होत्या. जगातला सर्वात मोठा पामतेल उत्पादक देश, आणि त्याच्याच दुकानांत तेल नाही! त्याच सुमारास रशियाने युक्रेनवर हल्ला केला, काळ्या समुद्रातून येणारं सूर्यफूल तेल अडकलं आणि जगभरचे खरेदीदार पामतेलाकडे धावले. मलेशियाच्या वायदेबाजारात मार्चमध्ये भाव टनाला ७,००० रिंगिटच्या वर गेला. इंडोनेशियातल्या कंपन्यांना घरात विकण्यापेक्षा बाहेर विकणं फायद्याचं होतं. शेवटी राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी २८ एप्रिलपासून निर्यातच बंद केली.

पण तेल साठवायला टाक्या मर्यादित असतात. टाक्या भरल्या, गिरण्यांनी फळ घेणं थांबवलं, आणि ज्यांच्या नावाने हा निर्णय झाला होता त्या सामान्य माणसांतलाच एक मोठा वर्ग, म्हणजे छोटे बागायतदार, जकार्तात आंदोलनाला उतरले. इंडोनेशियातल्या लागवडीपैकी सुमारे ४० टक्के क्षेत्र अशा लहान शेतकऱ्यांकडे आहे. २३ मे रोजी बंदी उठली. कांद्याच्या निर्यातबंदीवर ज्यांचं पोट जळलेलं आहे, त्या नाशिककरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

बंदी उठली, पण त्यामागचा प्रश्न गेला नाही. उलट तो वाढला, कारण आता पामतेलासाठी तिसरा गिऱ्हाईक उभा आहे. बायोडिझेल.

इंडोनेशिया खनिज डिझेलमध्ये पामतेलापासून बनवलेलं इंधन मिसळतो. २०२० मध्ये हे प्रमाण ३० टक्के होतं, २०२३ मध्ये ३५ टक्के झालं आणि २०२५ मध्ये ४० टक्क्यांवर गेलं. यालाच ‘बी-४०’ म्हणतात. २०२५ साठी सरकारने ठरवलेलं बायोडिझेलचं उद्दिष्ट होतं १ कोटी ५६ लाख किलोलिटर. वजनात मोजलं तर साधारण १३५ लाख टन. भारताने २०२४-२५ मध्ये आयात केलेल्या एकूण पामतेलाच्या पावणेदोन पटींहून अधिक तेल एका देशाच्या ट्रकांमध्ये जाळण्यासाठी बाजूला काढायचं, असं हे नियोजन आहे. पुढचं लक्ष्य ५० टक्क्यांचं, बी-५०. त्याची घोषणा सरकारने बरेचदा केली आहे, मात्र इतकं तेल आणि इतका पैसा आणायचा कुठून हा प्रश्न प्रत्येक वेळी आडवा येतो.

पैशांचं गणित नीट बघण्यासारखं आहे. पामतेलाचं इंधन खनिज डिझेलपेक्षा सहसा महाग पडतं. हा फरक भरून काढण्यासाठी इंडोनेशियाने २०१५ मध्ये एक निधी उभारला आणि त्यात पैसे येतात ते पामतेलाच्या निर्यातीवर बसवलेल्या शुल्कातून. म्हणजे बाहेरच्या देशाला विकलेल्या प्रत्येक टनातून देशातल्या डिझेलला अनुदान मिळतं. मिश्रण वाढवलं की अनुदान वाढतं. अनुदान वाढलं की शुल्क वाढवावं लागतं. मे २०२५ मध्ये कच्च्या पामतेलावरचं हे शुल्क संदर्भ किमतीच्या ७.५ टक्क्यांवरून १० टक्के करण्यात आलं. गोची अशी की मिश्रण वाढल्यावर निर्यातीला तेल कमी उरतं, म्हणजे ज्याच्यावर शुल्क मिळायचं तेच आटतं.

हा भार उचलतो कोण? थोडा परदेशी ग्राहक, म्हणजे आपण. आणि बराचसा इंडोनेशियाचा बागायतदार, कारण निर्यातदार शुल्क वजा करूनच फळाचा भाव ठरवतो.

इंडोनेशियाच्या बाजूनेही विचार करायला हवा. या देशाला डिझेल आयात करावं लागतं, त्यासाठी डॉलर लागतात. घरचं तेल घरात जाळलं तर डॉलर वाचतात आणि जगात पामतेलाचे भावही चढे राहतात. आपण उसाचा रस आणि मका इथेनॉलकडे वळवतो, तेव्हा आपलंही हेच तर्कशास्त्र असतं. त्यामुळे ‘त्यांनी अन्न जाळलं’ अशी तक्रार भारताच्या तोंडी फारशी शोभत नाही. पण परिणाम व्हायचा तो होतोच. इंडोनेशियाची पामतेल आणि पामजन्य उत्पादनांची निर्यात २०२३ मध्ये सुमारे ३२० लाख टन होती, ती २०२४ मध्ये ३०० लाख टनांच्या खाली आली.

पूर्वी मागणी वाढली की इंडोनेशिया नवी जमीन लागवडीखाली आणायचा. आधी सुमात्रा, मग कालिमांतान, आता पापुआ, असा हा प्रवास पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत आला. २०२४ च्या मध्याला ‘ऑल आइज ऑन पापुआ’ असं लिहिलेली चित्रं तिथल्या सोशल मीडियावर फिरत होती, ती याच संदर्भातली. पापुआतल्या आवयू समाजाचे लोक आपल्या जंगलात होऊ घातलेल्या पामलागवडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते. युरोपीय संघाने ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जंगलाच्या जमिनीवरचं पामतेल नाकारण्याचा कायदा केला आहे, पण त्याची अंमलबजावणी आधी डिसेंबर २०२५ वर आणि मग डिसेंबर २०२६ वर ढकलली गेली. कागदावर का होईना, नवं जंगल तोडणं पूर्वीइतकं सोपं उरलेलं नाही.

त्यात राष्ट्राध्यक्ष प्राबोवो सुबियांतो यांच्या सरकारने २०२५ मध्ये वेगळीच मोहीम काढली. वनजमिनीवर परवानगीविना उभ्या असलेल्या पामच्या बागा सरकार ताब्यात घेऊ लागलं. ३० लाख हेक्टरहून अधिक क्षेत्र ताब्यात घेतल्याचं सरकारने जाहीर केलं आणि त्यातल्या मोठ्या भागाचं व्यवस्थापन ‘अग्रिनास पाल्मा नुसांतारा’ या सरकारी कंपनीकडे सोपवलं. बेकायदा बागांवर कारवाई व्हायलाच हवी, यात वाद नाही. पण उद्या बाग आपल्याकडे राहणार की नाही हे माहीत नसलेला माणूस आज खत टाकत नाही आणि जुनी झाडं काढून नवी लावण्याच्या भानगडीत तर अजिबात पडत नाही. याचा फटका लगेच दिसणार नाही. तीन-चार वर्षांनी दिसेल.

मलेशिया: झाडं म्हातारी झाली

मलेशियाची अडचण वेगळी आहे. तिथली लागवड साधारण ५६-५७ लाख हेक्टरांवर थांबली आहे आणि सरकारनेच २०१९ मध्ये ६५ लाख हेक्टरांची कमाल मर्यादा ठरवली. म्हणजे आहे त्याच जमिनीत उत्पादन वाढवायचं. पण झाडं म्हातारी होत आहेत.

तेलपामवर चढत नाहीत. लांब दांड्याला विळा बांधून खालूनच घड कापतात. कोकणात आकडीने आंबे उतरवणाऱ्याला हे काम ओळखीचं वाटेल, फक्त इथे घड वीस-पंचवीस किलोंचा असतो. झाड तीन-चार मजली इमारतीएवढं उंच झालं की दांडा पुरत नाही, माणूस दमतो, काही घड झाडावरच राहून जातात. शिवाय म्हाताऱ्या झाडाला तेल कमी. उपाय साधा आहे, झाड पाडून नवं लावणं. मात्र तसं केलं की पुढची तीन-चार वर्षं त्या जमिनीतून रुपयाही येत नाही, आणि भाव चढा असताना उभं झाड कोण पाडेल? भाव पडल्यावर पाडायला पैसे नसतात. मलेशियातले लहान शेतकरी वर्षानुवर्षं या कात्रीत अडकलेत.

ही तोडणी करणारी माणसंही बहुतांश मलेशियाची नाहीत. इंडोनेशिया, बांगलादेश यांसारख्या देशांतून आलेल्या मजुरांवर या बागा चालतात. कोरोनाकाळात सीमा बंद झाल्या तेव्हा पिकलेली फळं झाडाखाली कुजली. या धंद्यात यंत्र अजून माणसाची जागा घेऊ शकलेलं नाही. परागीकरणाचं काम मात्र कीटकांकडे गेलं. १९८१ मध्ये कॅमेरूनहून आणलेला एक छोटा सोंडकिडा बागांत सोडला आणि तोवर हाताने करावं लागणारं परागीकरण थांबलं. पाम उद्योगाच्या इतिहासातला सर्वात स्वस्त कामगार तोच असावा.

हवामानाचा हिशेबही इथे उशिरा चुकता होतो. पाऊस कमी पडला की सोयाबीन त्याच हंगामात जातं. तेलपामच्या बाबतीत आज पडलेल्या दुष्काळाचा फटका सहा महिने ते दीड-दोन वर्षांनी घड कमी लागून बसतो. २०१५ च्या एल निनोनंतर मलेशियाचं उत्पादन जवळपास २०० लाख टनांवरून २०१६ मध्ये १७३ लाख टनांवर घसरलं होतं. २०२३ मध्ये ते सुमारे १८५ लाख टन होतं, २०२४ मध्ये १९३ लाख टनांच्या पुढे गेलं. सुधारणा आहे, पण दहा वर्षांपूर्वी जिथे होतो तिथेच परत येण्याला वाढ म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच.

बाकीचे कुठे आहेत?

तिसऱ्या क्रमांकावर थायलंड आहे, वर्षाला ३० लाख टनांपेक्षा थोडं जास्त. त्यातलं बरंचसं तो स्वतः खातो आणि डिझेलमध्ये मिसळतो. कोलंबिया आणि ग्वाटेमाला वाढत आहेत, पण त्यांची गिऱ्हाइकं प्रामुख्याने त्यांच्या बाजूच्या खंडांत आणि युरोपात आहेत.

नायजेरियाची कहाणी मात्र चटका लावणारी आहे. १९६० च्या दशकापर्यंत पामतेलात हाच देश आघाडीवर होता. १९६७ ते १९७० दरम्यान बियाफ्राचं युद्ध झालं, ते नेमकं पामच्या पट्ट्यात. त्यानंतर खनिज तेलाचा पैसा आला आणि शेतीकडे कुणी वळून पाहिलं नाही. ज्या प्रदेशातून हे झाड जगभर गेलं, तिथला हा देश आज स्वतःची गरज भागवायला पामतेल आयात करतो.

मग भारताने काय केलं?

व्यापाऱ्याने जे करायचं तेच केलं. स्वस्त तेलाकडे वळला.

एरवी पामतेल सोयाबीन तेलापेक्षा टनामागे चांगलंच स्वस्त असतं. २०२४ च्या अखेरीस हे उलटं झालं आणि पामतेल सोयाबीन तेलापेक्षा महाग विकलं जाऊ लागलं. दक्षिण अमेरिकेत सोयाबीनचं पीक उत्तम होतं. परिणामी २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे ५५ लाख टन सोयाबीन तेल आयात केलं, हा आजवरचा उच्चांक. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराचा फायदा घेऊन नेपाळमार्गे शून्य शुल्कात रिफाइंड तेल येऊ लागलं ते वेगळंच. नेपाळमध्ये एवढं सोयाबीन पिकत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पण सोयाबीन तेल हा पामतेलाचा हुबेहूब पर्याय नाही. इंडोनेशिया-मलेशियातून जहाज आठवडा-दहा दिवसांत कांडला किंवा काकीनाडाला लागतं. अर्जेंटिना-ब्राझीलहून निघालेल्या जहाजाला महिन्याहून जास्त वेळ लागतो. सण तोंडावर आला आणि साठा कमी पडला, तर तातडीने मागवता येतं ते पामतेलच. शिवाय बेकरी आणि फरसाणवाल्यांना त्याच्या घट्टपणाची गरज असते.

यात राजकारणही मिसळतं. सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाचे तत्कालीन पंतप्रधान महाथीर मोहम्मद संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर बोलले. जानेवारी २०२० मध्ये भारताने रिफाइंड पामतेलाची आयात निर्बंधित यादीत टाकली. मलेशियाचं नाव आदेशात नव्हतं, पण रिफाइंड तेल मुख्यतः तिथूनच यायचं, त्यामुळे निरोप ज्याला पोहोचायचा त्याला पोहोचला. दीड वर्षाने, जून २०२१ अखेरीस हा निर्बंध उठला. एल निनो, डिझेल आणि म्हातारी झाडं यांच्या जोडीला पुरवठ्यात हाही एक धोका असतो.

लातूरच्या सोयाबीनचा याच्याशी संबंध काय?

थेट आहे. महाराष्ट्रात सुमारे ५० लाख हेक्टरांवर सोयाबीन होतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याला ४,००० ते ४,३०० च्या आसपासच मिळत होते. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के केलं, रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५ टक्के. बाहेरचं तेल महाग झालं की देशी सोयाबीनला भाव मिळेल, असा हिशेब होता.

तेल महाग झालं. दिवाळीच्या फराळात ते प्रत्येकाला जाणवलं. सोयाबीन मात्र हमीभावाच्या वर काही टिकलं नाही. कारण सोयाबीनमध्ये तेल असतं जेमतेम १८ ते २० टक्के, बाकीची बहुतेक पेंड. पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आणि त्याच काळात मका-तांदळापासून इथेनॉल बनवल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा स्वस्तात बाजारात येऊ लागला होता, त्याने पेंडेचा भाव पाडला. शुल्क तेलावर लावलं, दुखणं पेंडेत होतं. ग्राहकाने जास्त पैसे मोजले आणि ते मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या हाती पूर्ण पोहोचलेच नाहीत.

मे २०२५ अखेरीस सरकारने पुन्हा दिशा बदलली. कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं, रिफाइंडवरचं तसंच ठेवलं. यामागे देशातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना काम मिळावं हा हेतू होता आणि तो बराचसा साधलाही. फरक १९.२५ टक्क्यांचा झाल्यावर तयार पामोलिन आणण्यात कुणाला रस राहिला नाही. तेल स्वस्त व्हावं ही ग्राहकाची मागणी आणि सोयाबीनला भाव मिळावा ही शेतकऱ्याची मागणी या दोन्ही एकाच शुल्काच्या खिट्टीला बांधलेल्या आहेत. सरकार कुठलंही असो, निवडणूक जवळ आली की खिट्टी एकीकडे फिरते, महागाई वाढली की दुसरीकडे. शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी काढणीचं शुल्क माहीत नसतं.

आपल्याकडेच तेलपाम लावला तर?

लावतोय. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांचं राष्ट्रीय खाद्यतेल-तेलपाम अभियान जाहीर केलं. २०२५-२६ पर्यंत साडेसहा लाख हेक्टर नवी लागवड करून एकूण क्षेत्र १० लाख हेक्टरांवर न्यायचं आणि ११.२ लाख टन कच्चं पामतेल काढायचं, असं उद्दिष्ट होतं. सरकारी माहितीप्रमाणे नोव्हेंबर २०२५ पर्यंत अभियानातून सुमारे अडीच लाख हेक्टर लागवड झाली आणि एकूण क्षेत्र ६.२ लाख हेक्टरांपर्यंत पोहोचलं. २०२४-२५ मधलं उत्पादन ३.८ लाख टनांच्या घरात आहे. भारत एका महिन्यात सरासरी यापेक्षा जास्त पामतेल आयात करतो.

हे उत्पादन जवळजवळ सगळं आंध्र प्रदेश आणि तेलंगणातून येतं. तिथे सिंचन आहे, गिरण्या आहेत आणि शेतकऱ्याला फळाचा भाव बाजाराबरोबर कोसळू नये म्हणून फरकाची रक्कम देण्याची तरतूद अभियानात केली आहे. झाड पाणी मात्र भरपूर पितं, उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास. धान सोडून तेलपाम लावणाऱ्या तेलंगणातल्या शेतकऱ्यासाठी हा फार मोठा बदल नाही. सोलापूर किंवा परभणीत करडई घेणाऱ्यासाठी हे स्वप्नातही परवडणारं नाही. करडई आहे त्या ओलीवर येते. तिच्यासाठी अशी ११ हजार कोटींची स्वतंत्र योजना मात्र कधी झाली नाही.

अभियानातल्या नव्या लागवडीपैकी निम्मं क्षेत्र ईशान्य भारतात ठरवलं होतं. पाऊस आहे, जमीन आहे, म्हणून कागदावर हे पटतं. तिथल्या जंगलांचं काय, हा आक्षेप पर्यावरण अभ्यासकांनी पहिल्या दिवसापासून घेतला. पण त्याहून जुना अनुभव मिझोरामच्या शेतकऱ्यांकडे आहे. तिथे तेलपामची लागवड या अभियानाच्या बरीच आधी सुरू झाली होती. डोंगरातल्या बागेपासून गिरणीपर्यंत रस्ता धड नाही, पावसाळ्यात तोही बंद. चोवीस तासांत घड पोहोचवायचा कसा? बऱ्याच ठिकाणी घड शेतातच सडले आणि काही शेतकऱ्यांनी झाडं तोडून पुन्हा सुपारी आणि आल्याकडे मोर्चा वळवला.

अभियान जाहीर झालं त्या सुमारास लावलेल्या रोपांना आता पहिले घड लागत आहेत.